जुनी जिप्सी, जुनी जीप : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये मारुती जिप्सी आणि महिंद्राच्या जुन्या डिझेल जीप यांचीच गर्दी आहे. पावसाळा ओसरला की इंदूरकरांना चोरल, पातालपाणी, जानापावकडचे कच्चे रस्ते खुणावू लागतात आणि मग शेडमधली गाडी आठवते. एका मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरांतली मापं, वेगळं सांगितलं नसेल तिथे, १.३ लिटरच्या जिप्सी किंगची आहेत.

प्रश्न : काकांच्या शेतावर २००३ ची पेट्रोल जिप्सी सहा वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. ती मला मिळाली आहे. नवी बॅटरी लावून सेल मारून पाहावा, असं मिस्त्री म्हणतो. मला तिला घाटवाटांसाठी तयार करायचं आहे. पैसे आधी कशावर खर्च करू? – एक वाचक, महू

उत्तर : सेल मारू नका. सहा वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा कोरड्या पडलेल्या असतात, आणि टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो. तो पंपातून इंजेक्टरपर्यंत गेला की शंभर रुपयांच्या साफसफाईचं काम हजारांत जातं.

आधी टाकी खाली उतरवा. आत टॉर्च मारून पाहा. गंज दिसला तर धुवून घ्या, पत्रा पातळ झाला असेल तर टाकी बदला. पेट्रोलचा फिल्टर आणि रबरी नळ्या न बघताच बदला. मग चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र थांबा. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठेही कडक अडलं तर जोर करू नका, हेड उघडावं लागेल. मोकळं फिरलं तर टायमिंग बेल्ट बदला, आणि पुढचा भाग उघडलाच आहे तर पाण्याचा पंपही त्याच वेळी बदला. बेल्टचं वय किलोमीटरइतकंच वर्षांनीही मोजायचं असतं. सहा वर्षं एकाच वळणावर दबून राहिलेलं रबर पहिल्याच तासात दात सोडू शकतं. त्यानंतर नवं इंजिन ऑइल, नवं कूलंट आणि मगच बॅटरी. इंजिन तासभर चाललं, गरम झालं की कॉम्प्रेशन मोजा. आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं. एखाद्यात बाकीच्यांपेक्षा किलोभराहून जास्त फरक असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम निघेल.

पण खरं सांगायचं तर इंजिनाआधी चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, बघायला हवी. इंजिन दुसरं मिळतं, चेसी मिळत नाही, आणि नंबर तिच्यावर आहे. लहान हातोडी घेऊन गाडीखाली शिरा आणि चेसीवर वीतभर अंतराने ठोकत जा. निरोगी लोखंड टणटण वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. नेहमी सडणाऱ्या जागा चार : मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, सर्वांत मागची आडवी पट्टी, बॉडी जिथे चेसीवर टेकते ते ब्रॅकेट, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा. मॅटखाली ओल राहते म्हणून शेवटची जागा वरून दिसत नाही. मॅट उचला, ती परत घालू नका. नंतर पुढच्या डाव्या पाट्याच्या बोल्टपासून मागच्या उजव्या बोल्टपर्यंत टेप लावा, मग उलट कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. सेंटिमीटरभर फरक असेल तर गाडी कधीतरी आपटली आहे, आणि अशी चेसी सरळ करण्यासाठी जिगवर, म्हणजे चेसी धरून सरळ करणाऱ्या चौकटीवरच, न्यावी लागते.

सडलेल्या जागी नुसतं पत्र्याचं ठिगळ वेल्ड करणं म्हणजे दुखणं झाकणं. गंजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढायचा, तितक्याच जाडीचा तुकडा बसवायचा आणि बाहेरून चौकटीच्या आकाराची पट्टी जोडायची. वेल्ड चेसीच्या वरच्या-खालच्या कडांवरून आडवा न्यायचा नाही. ताण सर्वांत जास्त तिथेच येतो आणि तडा तिथूनच सुटतो. पट्टीची टोकं तिरकी ठेवली तर ताण एका रेषेत साठत नाही. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोकं आणि इंजिन कंट्रोल युनिटचा सॉकेट काढा.

चेसी पास झाली तर पुढचा क्रम असा ठेवा : ब्रेक, स्टिअरिंग, कूलिंग, ऑइल सील, टायर. उभ्या गाडीत ब्रेकचे मागचे व्हील सिलिंडर हमखास जाम असतात, आणि रबरी होज बाहेरून बरे दिसले तरी आतून फुगलेले असतात. सगळे होज, सिलिंडरचे रबर आणि ब्रेक ऑइल नवं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : ३४१६ म्हणजे २०१६ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी कितीही उंच दिसली तरी सहा-सात वर्षांवरचा टायर घाटात न्यायचा नाही. लिफ्ट (गाडी उंच करणं), बंपर, दिवे यांचा विचार या पाच गोष्टी संपल्यावर.

प्रश्न : माझ्या जिप्सीचं स्टिअरिंग ५० ते ६० च्या वेगात, विशेषतः एखादा खड्डा लागला की, भयंकर थरथरतं. गाडी जवळजवळ थांबवावी लागते. दोनदा अलाइनमेंट, एकदा बॅलन्सिंग केलं. आता गॅरेजवाले स्टिअरिंग डँपर बदला म्हणतात. – सुदामानगर, इंदूर

उत्तर : डँपर बदलून थरथर कमी होईल, पण कारण तसंच राहील आणि दोन-तीन महिन्यांत नवा डँपरही निकामी होईल. डँपर हा धक्के शोषायला आहे, ढिला झालेला सांधा आवळायला नाही. या विषयावर दर महिन्याला पत्र येतं, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

सलग ॲक्सल आणि पाटे असलेल्या कोणत्याही गाडीत ही थरथर एका सांध्याच्या ढिलाईतून सुरू होते आणि दुसऱ्या सांध्यांतून वाढत जाते. म्हणून शोधही क्रमाने घ्यावा लागतो. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, स्टँड लावा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्या, बेअरिंगचा. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा आणि टाय रॉडच्या (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) टोकांवर बोट ठेवा. बोटाखाली टक्-टक् लागली की ते टोक गेलं. ड्रॅग लिंकची (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) टोकं मात्र चाकं जमिनीवर असताना, दुसऱ्याने स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवताना बघायची, कारण वजन असल्याशिवाय ती खोटी घट्ट वाटतात. शेवटी पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी हलती कडी). टॉमी घालून उचकटा. रबर फाटलेलं असेल तर ॲक्सल स्वतःच पुढे-मागे सरकत असतो, मग बाकी काही आवळून फायदा नाही.

अनुभव असा, की बॅलन्सिंग करूनही न गेलेली थरथर बहुतेक वेळा किंगपिनच्या बेअरिंगवर येऊन थांबते. प्रत्येक नकलमध्ये (ॲक्सलच्या टोकावरच्या, चाकाबरोबर वळणाऱ्या भागात) वर एक आणि खाली एक टेपर बेअरिंग असतं आणि त्यांचा दाब पातळ शिमांनी, म्हणजे धातूच्या चकत्यांनी, ठरतो. बेअरिंग झिजलं की दाब जातो, नकल विनाअडथळा डोलू लागते आणि खड्ड्याचा एक धक्का तिला झोका देतो.

काम असं करायचं. चाक, ब्रेक कॅलिपर, हब आणि आतला शाफ्ट काढा. टाय रॉड सोडवा. नकलच्या मागच्या गोल पट्टीचे बोल्ट काढून फेल्ट (नमद्याचं कडं) आणि सील मोकळे करा, कारण त्यांचं घर्षण असताना मोजमाप खोटं येतं. नकलच्या ज्या भोकात टाय रॉड बसतो तिथे स्प्रिंग काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणी काट्यावर १ ते १.८ किलो दिसलं पाहिजे. कमी असेल तर वरच्या आणि खालच्या किंगपिनखालून एक-एक शिम काढा. दोन्हीकडून सारखी काढा, नाहीतर नकल वर-खाली सरकून शाफ्ट मध्यावरून ढळतो. शिम काढून दाब आला, पण नकल फिरवताना मधेच खाच लागल्यासारखी अडकते, असं वाटलं तर बेअरिंगच्या वाटीवर रोलरच्या खुणा पडल्या आहेत. तिथे शिमचा उपयोग नाही, वाटीसकट नवीन बेअरिंग घाला. गाडी नेहमी सरळच धावते म्हणून त्या खुणा सरळ स्थितीतच पडतात, आणि वळणावर बरी चालणारी गाडी सरळ रस्त्यावर भटकते, त्याचं कारण हेच.

नकल उघडी आहेच तर आत बघा. आतलं ग्रीस काळं पण घट्ट असेल तर ठीक. ते पातळ, गिअर ऑइलचा वास येणारं असेल तर ॲक्सलच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलं आहे, आणि डिफ्रेन्शलचं (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल नकलमध्ये येऊन फेल्टमधून बाहेर गळतंय. असं गळणं बाहेरून आवळून कधीच थांबत नाही. ग्रीस तपकिरी, दुधाळ असेल तर पाणी शिरलं. दोन्ही परिस्थितींत आतला सांधा रॉकेलने धुवून, वाळवून, चाकाच्या बेअरिंगसाठीचं चांगलं ग्रीस नव्याने भरा. नवं फेल्ट बसवण्यापूर्वी नकलच्या आतल्या गोळ्यावरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा. गोळा खरबरीत असेल तर नवं फेल्ट महिनाभरात कापलं जातं.

चाकाचं बेअरिंग आवळताना हब फिरवत-फिरवत नट घट्ट करायचा, मग पूर्ण ढिला करायचा, आणि पुन्हा हलकेच आवळायचा, इतका की खेळ नसेल पण हब हाताने सहज फिरेल. लॉक वॉशर नवा. टाय रॉड जोडल्यावर टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किती आत वळली आहेत ते, बघा. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूची रेघ काढून पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजलं तरी चालतं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ६ मिलिमीटर कमी हवं.

पत्रात तुम्ही पुढे लांब शॅकल लावल्याचं ओझरतं लिहिलं आहे. तेही यात भागीदार आहे. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे झुकतो आणि मूळचा साधारण साडेतीन अंशांचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ताकद या कोनातूनच येते. शॅकल मूळ मापाचं करा. ते नकोच असेल तर पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये दोन अंशांची तिरकी पट्टी घालून कोन परत आणावा लागेल, आणि मग प्रॉपेलर शाफ्टच्या (ॲक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बिघडत नाही ना, तेही बघावं लागेल.

प्रश्न : जिप्सी उंच करायची आहे. कुणी चार इंच म्हणतं, कुणी पाटे ॲक्सलच्या वर घ्या म्हणतं. मोठे टायरही घालायचे आहेत. खरंच किती उंची लागते? – विजयनगर, इंदूर

उत्तर : आधी कोणती उंची हवी ते ठरवा. दगड सर्वांत आधी लागतो तो डिफ्रेन्शलच्या गोळ्याला, आणि तो चाकांच्या आसाला जोडलेला आहे. पाटे, शॅकल, ठोकळे यांनी बॉडी वर जाते, गोळा एक मिलिमीटरही उचलला जात नाही. गोळा वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही व्यासाच्या वाढीच्या निम्म्याने.

हिशेब करून बघा. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर. २१५/७५ आर १५ चा ७०३, म्हणजे गोळा १८ मिलिमीटर वर. २३५/७५ आर १५ चा ७३३, म्हणजे ३३ मिलिमीटर वर. २१५/७५ ने स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवेल, २३५/७५ ने जवळजवळ दहा टक्के. तेवढंच गिअरिंगही उंच होतं. १.३ लिटरच्या इंजिनाला हे जाणवतं; भेरूघाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर येते, आणि लो रेंजमध्ये (फोर-व्हीलच्या संथ गिअरांत) उतारावर इंजिनाचा रोध कमी पडतो. आमचं मत २१५/७५ च्या बाजूने आहे. त्याला बॉडी कापावी लागत नाही. पूर्ण वळवून आणि एक चाक उंचवट्यावर चढवून टायर कुठे घासतो का, ते मात्र गॅरेजातच बघून घ्या.

टायरला जागा करण्यासाठी दोन इंचांची लिफ्ट पुरे. ती नव्या, थोड्या जास्त कमानीच्या पाट्यांनी घ्या. जुन्याच पाट्यांत एक जादा पाटा सरकवून मिळणारी उंची दगडासारखी कडक असते, चाक जमीन सोडतं आणि जिथे पकड हवी तिथेच ती जाते. दोन इंच वाढवल्यावर शॉकॲब्सॉर्बर तेवढे लांब, ब्रेकचे होज लांब, आणि ॲक्सल पूर्ण लोंबकळत असताना प्रॉपेलर शाफ्टचा सरकता सांधा किती आत उरतो ते मोजायचं. शाफ्ट उघडण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची एकच रेघ मारा. सांधा एक दात जरी चुकवून बसवला तरी दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी घरघरते. मग लोक गिअरबॉक्स उघडत बसतात.

पाट्यांच्या बुशचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. जॅकवर आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि फाटतं. यू-बोल्ट दरवेळी नवे, ६० ते ८० न्यूटन-मीटर, आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. पाटे बसतात तसे ते हमखास ढिले झालेले सापडतात.

पाटे ॲक्सलच्या वर घेण्याचं काम रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आम्ही सुचवत नाही. ड्रॅग लिंक इतकी तिरकी होते की प्रत्येक खड्ड्यावर गाडी स्वतःहून वळते. ते सोडवायला स्टिअरिंगची रचनाच बदलावी लागते, आणि ब्रेक लावताना पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे पिळतात.

प्रश्न : या बदलांना आरटीओची परवानगी लागते का? पुढे लोखंडी गार्डही लावायचं आहे. गाडी २००५ ची आहे. – लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपापेक्षा वेगळी होईल अशा प्रकारे गाडी बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लागू केलं आहे. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कापाकापी करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. इंजिन बदलणार असाल तर पूर्वपरवानगी हवीच. पुढच्या लोखंडी गार्डवर केंद्राने डिसेंबर २०१७ पासून मनाई केली आहे. ते लावू नका, धडकेत पादचाऱ्याचं हाड आणि तुमची चेसी दोन्ही त्यातून जातात. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी, तपासणी करून होतं. दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांचा दिल्ली परिसरातला नियम इंदूरला लागू नाही. हा प्रश्न बऱ्याच जीपवाल्यांनी घाबरून विचारला आहे.

प्रश्न : चोरल नदीतून दोनदा गाडी काढली. पाणी बंपरच्या खालीच होतं. सर्व्हिसिंगमध्ये मागच्या डिफ्रेन्शलचं ऑइल लस्सीसारखं निघालं. स्नॉर्केल लावू का? – राऊ

उत्तर : स्नॉर्केलचा आणि या ऑइलचा काही संबंध नाही. स्नॉर्केल म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा घेऊ देणारी नळी. तुमच्या डिफ्रेन्शलमध्ये पाणी ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याच्या छोट्या भोकाच्या, कृपेने गेलं.

चालून आलेला ॲक्सल तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावून ब्रीदरमधून बाहेर गेलेली असते. तो गार पाण्यात बुडला की हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, चिखलाने बुजला असेल तर ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. उपाय स्वस्त आहे. पुढचा आणि मागचा ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी गिअरची पेटी) या चौघांच्या ब्रीदरवर ऑइल सहन करणारी रबरी नळी चढवा आणि पुढच्यांच्या नळ्या बॉनेटच्या आत वरपर्यंत, मागची टाकीच्या झाकणाच्या उंचीपर्यंत न्या. ॲक्सल वर-खाली होतो तेव्हा नळी ताणली जाणार नाही इतका झोल ठेवा. टोकाला साधा छोटा पेट्रोल फिल्टर लावला तर धूळही जात नाही.

सध्या चारही ठिकाणचं ऑइल बदला : पुढच्या डिफ्रेन्शलला साधारण २ लिटर, मागच्याला १.५, गिअरबॉक्सला १.३, ट्रान्स्फर केसला ०.८. मापापेक्षा लेव्हलच्या बोल्टवर भरवसा ठेवा, भोकातून ऑइल ओघळू लागलं की पुरे. एक सवय लावून घ्या : आधी भरण्याचा बोल्ट सोडवा, मग खालचा. खालून सगळं ऑइल काढल्यावर वरचा बोल्ट सुटेना, अशी वेळ येऊ नये. डिफ्रेन्शलमध्ये जीएल-५ दर्जाचं ९० नंबरचं ऑइल घाला. गिअरबॉक्सला जीएल-४, जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगा खातात. लस्सी झालेला गोळा एकदा ऑइल घालून, वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा रिकामा करा, पहिल्या वेळी सगळं पाणी निघत नाही.

स्नॉर्केल लावलात तर बसवल्यावर इंजिन चालू ठेवून त्याचं तोंड तळहाताने पूर्ण बंद करा. इंजिन घुटमळून बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठल्यातरी जोडातून हवा, म्हणजे उद्या पाणी, आत जातंय. आणि पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल किंवा गढूळ, वेगाचं असेल तर त्यात उतरायचं नाही. चोरलला वर डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी वाढतं. इंजिन पाण्यात बंद पडलं तर सेल मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ओढून बाहेर काढा, प्लग काढा, मग फिरवा. डिझेलमध्ये हीटर प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतील.

प्रश्न : वडिलांची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. फोर-व्हील लो मध्ये चढावर लिव्हर आपोआप निसटतो, आणि कधी डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हील निघतच नाही. मिस्त्री म्हणतो ट्रान्स्फर केस बदला. – एक वाचक, धार

उत्तर : दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी आधी घेऊ, कारण ती बहुधा बिघाड नाहीच. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफ्रेन्शल नाही. फोर-व्हीलमध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं, डांबरावर घसरत नाही आणि तो पीळ शाफ्टमध्ये साठतो. लिव्हर त्या पिळामुळे अडकतो. सरळ रेषेत पाच-दहा मीटर रिव्हर्स घ्या, निघेल. सरळ रस्त्यावरही पीळ भरत असेल तर चारही टायरचा घेर टेपने मोजा. पुढे नवे, मागे झिजलेले असतील तर दोष तिथेच आहे. पुढच्या आणि मागच्या टायरच्या घेरात सेंटिमीटरभराहून जास्त फरक राहू देऊ नका.

लिव्हर निसटण्याबद्दल : आधी स्वस्त गोष्टी. गिअरबॉक्सचे रबरी माउंट बसले असतील तर चढावर जोर आला की पूर्ण जोडणी हलते आणि जमिनीच्या पत्र्याला टेकलेला लिव्हर मागे ढकलला जातो. पत्र्यातली फट मोठी आहे ना, बघा. मग शिफ्टर रॉडची गोळी आणि स्प्रिंग बदला. तरीही निसटला तर केस उघडावीच लागेल. मधला शाफ्ट, त्यावरचे सुईसारखे बेअरिंग आणि दोन्ही बाजूंचे थ्रस्ट वॉशर झिजले की गिअर पुढे-मागे सरकतो आणि दात पूर्ण खोलीपर्यंत बसत नाहीत. सरकणाऱ्या गिअरच्या दातांची टोकं गोल झाली असतील तर तो गिअर आणि त्याचा जोडीदार दोन्ही बदला. शाफ्ट जिथून केसमधून बाहेर येतो तिथे ऑइल गळत असेल तर भोकच अंडाकृती झालंय. ते लेथवर बुश घालून दुरुस्त होतं. पूर्ण केस बदलण्याची गरज फार कमी वेळा पडते. जुनी दुसरी केस आणली तर तिच्यातही हेच झिजलेलं असणार.

जिप्सीवाल्यांनीही यातलं माउंटचं वाचून ठेवा. तिची ट्रान्स्फर केस वेगळी, तीन रबरांवर टांगलेली असते. त्यातलं एक फाटलं तरी हेच लक्षण दिसतं.

प्रश्न : मानपूर घाटात परत वर येताना जिप्सी तापते. – महू

उत्तर : रेडिएटरच्या पाकळ्या मागच्या बाजूने, इंजिनाकडून पुढे, साध्या नळाच्या पाण्याने धुवा, प्रेशर पंपाने पाकळ्या वाकतात. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे का बघा, ते नसेल तर पंखा तीच गरम हवा घोळवत बसतो. आणि थर्मोस्टॅट कुणी काढून टाकलाय का, ते विचारा. तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढणं हा आपल्याकडचा जुना रोग आहे. संशय असेल तर पातेल्यात उकळा, पाणी खळखळायच्या आत तो उघडला पाहिजे.

प्रश्न : एक चाक हवेत गेलं की ते नुसतंच फिरतं. मागचं डिफ्रेन्शल वेल्ड करून देतो असं एक जण म्हणतो. – देवास

उत्तर : करू नका. वेल्ड केल्यावर दोन्ही चाकं कायम सारखी फिरतात, डांबरावरच्या प्रत्येक वळणावर एक टायर घासत जातो आणि अर्धा शाफ्ट पिळत राहतो. पावसाळी रस्त्यावर मागची बाजू अचानक फेकली जाते. चाक फिरू लागलं की डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा. फिरणाऱ्या चाकाला रोध मिळतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. सराव सपाट मैदानात करा.

प्रश्न : सांवेरकडे आमचं शेत आहे. पावसात काळ्या मातीत जिप्सी जागेवर बसते. मड टायर घेऊ की विंच? – इंदूर

उत्तर : माळव्याची काळी माती भिजली की फुगते, चिकटते आणि दोन फेऱ्यांत टायरची नक्षी भरून टाकते. मग महागडा टायरही गुळगुळीत असल्यासारखा वागतो. इथे रुंदी कामाची नाही. अरुंद, खोल आणि लांब-लांब खाचांचा टायर वरचा लगदा कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो, आणि खाचा मोकळ्या असल्या तर फिरताना चिखल फेकला जातो. त्यासाठी चाक थोडं वेगात फिरावं लागतं, म्हणून लो मध्ये पहिल्याऐवजी दुसरा किंवा तिसरा गिअर घ्या. हवा कमी करण्याचा उपाय नर्मदेच्या वाळूसाठी ठेवा; तिथे १५ पौंडांपर्यंत उतरवली तर टायर पसरून तरंगतो. काळ्या मातीत खाली घट्ट थर असेल तर हवा कमी करू नका. खालीही भुसभुशीतच असेल तर त्या दिवशी गाडी बांधावर ठेवून चालत जाणंच शहाणपणाचं.

विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणारी गराडी, आत्ता नको. रिकामी जिप्सी जेमतेम टनभर वजनाची, दुसरी गाडी किंवा ट्रॅक्टर तिला सहज काढतो, पण गाडीला धरायला नीट जागा हवी. पुढे दोन, मागे एक हुक चेसीवर, प्रत्येकी दोन किंवा जास्त ८.८ ग्रेडच्या १२ मिलिमीटर बोल्टने, आत जाड पट्टी लावून बसवा. ज्याच्यावर ३.२५ किंवा ४.७५ टन असं कोरलेलं आहे तोच डी-शॅकल घ्या. सियागंजात बिनआकड्याचेही मिळतात, ते ताडपत्री बांधायला ठीक आहेत. ट्रेलरच्या गोळ्याला दोरी कधीच अडकवू नका. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. ओढताना दोरीच्या मध्यावर जड पोतं किंवा ओली ताडपत्री टाका, आणि दोरीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहू नये.

गाडीत एक आखूड दांड्याचं फावडं आणि १८ मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौरस तुकडा कायम ठेवा. काळ्या मातीत नुसता जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. तुकड्याच्या एका बाजूला आडव्या दोन पट्ट्या खिळून घ्या, त्या बाजूने तो मातीवर ठेवा, म्हणजे चढावर जॅकसकट सरकत नाही.